बऱ्या दिवसांतला दमा

दमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. मध्यरात्री अंथरुणात उठून बसलेला माणूस, गुडघ्यांवर टेकलेले हात, वर ओढलेले खांदे, छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज आणि भोवती घाबरलेलं घर. कुणी पाठ चोळतंय, कुणी गरम पाणी आणतंय, कुणी रिक्षा बघायला धावतंय. चित्र खरं आहे, पण ते दम्याच्या ॲटॅकचं आहे. ॲटॅक ओसरला, माणूस दोन घास जेवला, कामावर जाऊ लागला, की घरच्यांच्या लेखी दमा संपला. पंप कपाटात मागे सरकतो, डॉक्टरांची चिठ्ठी कुठल्याशा फायलीत जाते आणि पुढचा ॲटॅक येईपर्यंत आजाराचं नावही निघत नाही.

हे पुस्तक त्या मधल्या दिवसांसाठी आहे. दमा बऱ्या दिवसांतही छातीत असतो आणि त्याच्यावरचा खरा इलाज त्याच दिवसांत करायचा असतो. एवढी एक गोष्ट वाचकाच्या मनात पक्की बसली, तर पुढच्या सगळ्या प्रकरणांचा अर्थ आपोआप लागत जाईल.

आधी छातीत काय घडतं ते पाहू. नाकातोंडातून आत गेलेली हवा मुख्य श्वासनलिकेतून खाली उतरते, नलिकेला फांद्या फुटत जातात आणि शेवटी ती केसासारख्या बारीक नळ्यांमधून फुप्फुसाच्या वायुकोशांत पोहोचते. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्यांच्या आतल्या अस्तराला सतत थोडी सूज असते. सुजलेलं अस्तर हळवं असतं. इतरांना ज्या धुराचा, धुळीचा, थंड हवेचा किंवा साध्या सर्दीचा पत्ताही लागत नाही, तेवढ्यानेच ते बिथरतं. मग तीन गोष्टी एकदम होतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी फुगतं आणि चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते. आत घेतलेली हवा बाहेर टाकणं कठीण होतं, ती छातीत कोंडते आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून रुग्ण म्हणतो, ‘श्वास पुरा होत नाही हो.’ त्याचं म्हणणं शब्दशः खरं असतं.

या तीन गोष्टींपैकी स्नायूंचं आवळणं मिनिटांत सुटतं. साल्ब्युटामॉलचा पंप ओढला की पाचेक मिनिटांत छाती मोकळी वाटू लागते आणि तो आराम चार ते सहा तास टिकतो. सुजेवर मात्र त्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. सूज उतरवण्याचं काम श्वासावाटे घेतलेलं स्टेरॉइड करतं. ते सावकाश काम करतं, पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. सगळी अडचण इथेच आहे. ज्या औषधाने लगेच बरं वाटतं त्यावर माणसाचा विश्वास बसतो आणि ज्या औषधाने आजार ताब्यात राहतो ते ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सुटतं.

या आजाराशी माणसाची ओळख फार जुनी आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यातल्या तमकश्वासाचं वर्णन वाचताना आजचा रुग्ण डोळ्यांपुढे उभा राहतो. आडवं झालं की त्रास वाढतो, बसलं की बरं वाटतं, आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी यांनी दुखणं बळावतं. हे निरीक्षण आजही कोणत्याही तपासणीच्या खोलीत पटेल असं आहे. धोत्र्याची पानं किंवा मुळं जाळून त्यांचा धूर ओढण्याचा उपायही आपल्याकडचाच. तो मद्रासच्या एका ब्रिटिश डॉक्टरने उचलला आणि 1802 च्या सुमारास एका लष्करी अधिकाऱ्यामार्फत इंग्लंडला पोहोचला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात धोत्र्याच्या सिगारेटी दम्यासाठी विकल्या जात होत्या. धोत्र्यातलं द्रव्य नळ्या थोड्या सैल करतं हे खरं, पण ते विषारी आहे आणि सोबतचा धूर छातीला घातकच. त्याच जातकुळीची, निर्धोक रूपातली औषधं आज नेब्युलायझरमध्ये वापरली जातात.

पंपाचा जन्म 1950 च्या दशकातला. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं की, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का मिळत नाही? 1956 मध्ये नेमका डोस देणारा पहिला पंप बाजारात आला. साल्ब्युटामॉल 1969 मध्ये आणि श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड 1972 मध्ये आलं. मधल्या काळात एक कडू धडाही मिळाला होता. 1960 च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले. तेव्हाच्या जोरदार डोसच्या, फक्त नळ्या सैल करणाऱ्या पंपांवर त्याचा ठपका आला. त्यानंतरही जगभरच्या डॉक्टरांनी सौम्य दम्यासाठी नुसता आराम देणारा पंप लिहून देणं चालूच ठेवलं. 2019 मध्ये ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने आपली शिफारस बदलली. प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णाला फक्त आरामाचा पंप देऊ नये, दमा कितीही सौम्य असला तरी सूज उतरवणारं औषध त्यासोबत असलंच पाहिजे, असं तिने स्पष्ट सांगितलं. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन औषधं एकाच पंपात मिळतात. त्यात सुजेवरचा इलाज आणि चटकन आराम दोन्ही होतं, म्हणून हा पंप आता दम्याच्या उपचाराच्या केंद्रस्थानी आला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात 26 कोटींहून अधिक लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक माणसं त्याने दगावली. भारतात रुग्ण जगाच्या साधारण अष्टमांश आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की मन अस्वस्थ होतं. आपल्याकडचा दमा काही वेगळ्या जातीचा नाही. औषधंही आहेत. साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही सगळी 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही माणसं मरतात, कारण निदान होत नाही, झालं तर सांगितलं जात नाही, सांगितलं तर मानलं जात नाही आणि मानलं तरी पंप नियमित घेतला जात नाही.

निदान लपवण्याची सवय घरातून सुरू होते. ‘सर्दी छातीत उतरते तिला’, ‘त्याला जरा धुळीची ॲलर्जी आहे’, ‘हवा बदलली की खोकला लागतो’ अशी वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर पंप माहेरच्या कपाटातच राहतो आणि सासरी ॲटॅक आला की ती गोळ्यांवर वेळ काढते. डॉक्टरही घरच्यांना दुखवू नये म्हणून ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ असं काहीसं मोघम लिहून देतात. मोघम आजाराला मोघमच उपचार मिळतात. खोकल्याचं औषध, अँटिबायोटिक, एखादं इंजेक्शन, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. दमा हे नाव ऐकून माणूस खचेल अशी भीती वाटते, पण ज्या आजाराचं नाव घेता येत नाही त्याच्यावर वर्षभर चालणारा इलाज कुणी करत नाही.

दुसरी भीती पंपाची. ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘आधी गोळ्यांनी बघू’. हिशेब करून पाहू. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत साधारण 4 मिलिग्रॅम औषध असतं आणि पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी ही चाळीस फवाऱ्यांइतकी. गोळीतलं औषध पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून थोडंसं छातीत पोहोचतं. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध जिथे हवं तिथेच पडतं. सवय लागण्याचा प्रश्नच येत नाही. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण आजार होताच. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला तर आपण गोळीला दोष देत नाही.

स्टेरॉइड या नावाचा धसका मात्र पूर्ण निराधार नाही, आणि त्यावर पालकांना खरं उत्तर मिळायला हवं. मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की, रोज श्वासावाटे स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. एवढी किंमत आहे, ती लपवायची नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावं. बुडणारी शाळा, खेळाच्या तासाला बाकावर बसणं, वारंवार तोंडावाटे घ्यावी लागणारी स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि जिवाचा धोका. शिवाय गावोगाव ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या ज्या पुड्यांनी आठवड्यात छाती मोकळी होते, त्यांत पुष्कळदा तेच स्टेरॉइड न मोजता घातलेलं असतं. सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं, लवकर आलेला मोतीबिंदू हे त्या पुड्यांचे परिणाम. मायक्रोग्रॅममधल्या पंपाला घाबरून मिलिग्रॅममधल्या पुडीवर विश्वास ठेवणारं घर पाहिलं की वाईट वाटतं.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिलं जाणारं औषध आणि मृगाच्या दिवशी हैदराबादला जिवंत मासळीतून दिलं जाणारं औषध यांच्यासाठी महाराष्ट्रातून लोक मोठ्या आशेने जातात. त्यांच्या आशेची मला कदर आहे. वर्षानुवर्षं रात्री बसून काढलेल्या माणसाने कुठेही जावं, ते समजण्यासारखं आहे. या औषधांनी दमा बरा होतो असा पुरावा मात्र नाही, आणि दमा मुळात वरखाली होणारा आजार असल्याने त्यानंतर आपसूक बरे गेलेले दिवसही त्यांच्या खात्यात जमा होतात. जाणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं की, पंप सोबत न्या, आणि परत आल्यावरही बंद करू नका.

आता पंप घेण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण अर्धी लढाई तिथे हरली जाते. तपासायला आलेल्या रुग्णाला मी म्हणतो, ‘तुमचा पंप काढा आणि माझ्यासमोर घ्या.’ पुष्कळदा असं होतं की पंप न हलवताच तोंडात जातो, बटण दाबलं जातं, श्वास त्यानंतर ओढला जातो आणि पांढरा फवारा ओठांच्या कडेने बाहेर येतो. औषध जिभेवर आणि घशात पडलेलं असतं. वर्षभर नेमाने पंप घेऊनही गुण का नाही, याचं उत्तर त्या पाच सेकंदांत मिळतं. खरी रीत अशी. पंप नीट हलवायचा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पंप तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास ओढायला सुरुवात करतानाच बटण दाबायचं, छाती भरेपर्यंत ओढत राहायचं आणि मनात दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा. पंपाला जोडायचा पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, लावला तर हात आणि श्वास यांचा मेळ साधण्याची कटकट उरत नाही आणि लहान मुलांना, म्हाताऱ्यांना तो लावलाच पाहिजे. कॅप्सूलच्या पंपाची रीत उलटी आहे. त्यात श्वास जोरात आणि झपकन ओढावा लागतो, नाहीतर पावडर तिथेच राहते. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही मी पाहिले आहेत. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी करून दाखवलेलंच नव्हतं. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही आणि आवाज बसत नाही.

दम्याला चिथावणी देणाऱ्या गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या, पण आपल्या मुलखात त्यांना वर्षाचा एक क्रम आहे. पावसाळ्यात कोकणातल्या आणि मुंबईतल्या ओलसर भिंतींवर बुरशी धरते. पावसानंतर गाजरगवत फुलतं. दिवाळीआधी माळे झाडताना जुन्या गाद्यागोधड्यांतली धूळ आणि त्यातले सूक्ष्म किडे अंगावर येतात, आणि लगेच मागून फटाके. थंडीत शेकोट्या आणि जमिनीलगत कोंडलेला धूर, उन्हाळ्यात मळणीचा भुसा, आणि बारा महिने स्वयंपाकघरातला खाट, चुलीचा धूर, धूप, झुरळं आणि मच्छरची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात असं मोजमाप प्रसिद्ध आहे. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून मुलाला झोपवणाऱ्या आईला हे माहीत नसतं. मच्छरदाणी हा तिच्यासाठी सोपा आणि स्वस्त मार्ग आहे.

सगळंच रुग्णाच्या हातात नसतं हेही सांगायला हवं. 1980 च्या दशकात बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण अचानक रुग्णालयांत लोटत. शोध घेतल्यावर कळलं की, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं आणि कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळणी बसवली आणि साथी थांबल्या. त्या रुग्णांनी घर कितीही झाडलं असतं तरी उपयोग नव्हता. चेंबूरच्या किंवा चंद्रपूरच्या हवेत वाढणाऱ्या मुलाला ‘धुळीत जाऊ नकोस’ एवढंच सांगून आपली जबाबदारी संपत नाही. बांधकामावरची हिरवी जाळी, रस्त्यावर जाळला जाणारा कचरा, कारखान्याची चिमणी हे सगळे दम्याच्या उपचाराचेच विषय आहेत.

एखाद्या देशाने मनावर घेतलं तर काय होतं, हे फिनलंडने दाखवलं आहे. 1994 मध्ये त्यांनी दहा वर्षांचा दमा कार्यक्रम हाती घेतला. त्यात नवं औषध शोधलेलं नव्हतं. लवकर निदान, पहिल्यापासून सुजेवरचा इलाज, गावपातळीवरच्या डॉक्टर-परिचारिकांना शिक्षण, औषधविक्रेत्यांचा सहभाग आणि रुग्णाला स्वतःचा आजार सांभाळायला शिकवणं, एवढंच होतं. दशकाअखेर दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले आणि एका रुग्णामागचा खर्चही उतरला. आपल्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका आणि कोपऱ्यावरचे केमिस्ट हे काम करू शकतील असा माझा विश्वास आहे. या पुस्तकाची भाषा आणि चित्रं त्यांनाही डोळ्यांपुढे ठेवून ठरवली आहेत.

पुस्तकाची रचना सोपी आहे. सुरुवातीची प्रकरणं आजार समजून घेण्यासाठी आहेत. दमा, क्षयरोग, हृदयविकाराची धाप आणि धुरामुळे होणारा सीओपीडी यांत फरक कसा करतात आणि स्पायरोमेट्रीची तपासणी का करून घ्यावी, हे त्यात आहे. मधली प्रकरणं औषधांची आणि पंपांची. नंतर मुलं, गरोदर स्त्रिया, खेळाडू आणि वृद्ध यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणं आहेत. गरोदरपणात भीतीपोटी पंप बंद करणाऱ्या बायकांनी ते प्रकरण जरूर वाचावं. पंपापेक्षा आईचा अपुरा श्वास बाळाला जास्त घातक असतो.

घाईत असलेल्या वाचकाने निदान चार प्रश्न स्वतःला विचारावेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदाहून जास्त त्रास झाला का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनदाहून जास्त लागला का? दम्याने रात्री जाग आली का? दम्यामुळे एखादं काम टाळावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर दमा ताब्यात नाही, तुम्ही स्वतःला कितीही बरे म्हणवत असलात तरी. वर्षात आरामाचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर मोठ्या ॲटॅकचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर तो जिवावरचा धोका आहे.

ॲटॅकच्या वेळी काय करायचं तेही इथेच सांगून ठेवतो. रुग्णाला ताठ बसवा, झोपवू नका. आरामाच्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्या, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार द्या आणि 108 ला फोन लावा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, गुंगी येत असेल, किंवा घरघर थांबली तरी माणूस थकत चालला असेल, तर थांबायचंच नाही, फवारे देत देत रुग्णालय गाठायचं. छाती शांत होणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दमा मुळापासून घालवण्याचं औषध आज आपल्याकडे नाही. पण दमा असलेला माणूस रात्रभर शांत झोपू शकतो, डोंगर चढू शकतो, शेत नांगरू शकतो, बाळाला जन्म देऊ शकतो, सुरात गाऊ शकतो. त्यासाठी लागणारी औषधं आणि ज्ञान आपल्यापाशी आहे. वाचकाकडे माझं मागणं छोटं आहे. हे पुस्तक वाचून झालं की, छाती मोकळी असेल अशाच एखाद्या दिवशी आपला पंप घेऊन डॉक्टरांकडे जा, तो कसा घेता ते त्यांना करून दाखवा आणि त्रास वाढला तर काय करायचं ते कागदावर लिहून मागा. त्यांनी घाई केली तरी उठू नका. तो कागद मिळवणं हा तुमचा हक्क आहे.